एका फडताळाचे तीन खण

मराठी समीक्षेने तीन प्रकारच्या पुस्तकांबाबतची आपली जबाबदारी तीन निरनिराळ्या कारणांनी टाळलेली आहे. रहस्यकथा हे केवळ रंजन, म्हणून ती वाचण्याचेही कष्ट समीक्षेने फारसे घेतले नाहीत. आत्मकथन हे प्रत्यक्ष जगलेल्या आयुष्याचे निवेदन, म्हणून त्याला प्रामाणिकपणाचे प्रशस्तिपत्र देऊन ती मोकळी झाली. अध्यात्मग्रंथ हा श्रद्धेचा विषय ठरला, आणि श्रद्धेच्या प्रांतात मूल्यमापन अप्रस्तुत असते अशा समजुतीने ती दुरूनच नमस्कार करून परतली. अपवाद अर्थातच आहेत; परंतु वृत्ती सर्वसाधारणपणे ही. याचा परिणाम असा झाला की, ग्रंथालयांतून सर्वांत अधिक देवघेव ज्या पुस्तकांची होते त्यांच्यातले बरेवाईट कसे ओळखावे याविषयी वाचकाला समीक्षेकडून जवळजवळ काहीच मिळाले नाही. वाचकाने आपले निकष आपणच घडवले. ते कोठे लिहून ठेवलेले नसतात, पण ते असतात. आणि पुष्कळदा ते आपल्या निकषांपेक्षा अधिक कठोर असतात. अशाच एका वाचिकेची मते येथे नोंदवून त्यांची तपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ही वाचिका माझी मावशी. तिचे माहेर बेळगावचे आणि सासर म्हैसूर जिल्ह्यातील सोसले या गावचे. तिरुमकुडलु नरसीपूर तालुक्यातील हे गाव कावेरी आणि कपिला यांच्या संगमापासून जवळ आहे. व्यासराजमठाच्या दोन शाखांपैकी एका शाखेला या गावाचेच नाव मिळालेले असल्यामुळे माध्व संप्रदायात ते सर्वांच्या परिचयाचे आहे. घरात मराठी आणि दारात कन्नड, ही दक्षिणेतल्या देशस्थ माध्व घराण्यांची जुनी रीत तिच्याही घरी होती. मराठी पुस्तक मिळण्याची सोय मात्र गावात नव्हती. माहेराहून परतताना ती ट्रंकेतून पुस्तके आणी आणि पुढच्या फेरीपर्यंत तीच पुन्हा पुन्हा वाची. माजघराच्या भिंतीत एक फडताळ होते. त्याच्या तीन खणांपैकी वरच्यात पोथ्या व अध्यात्माची पुस्तके, मधल्यात चरित्रे-आत्मचरित्रे, आणि खालच्यात, मुलांच्या हाती सहज लागावीत अशी, बाबुराव अर्नाळकरांची पातळ पुस्तके असत. ही व्यवस्था घरातील वडीलधाऱ्यांनी लावून दिलेली होती. मावशीचे वाचन ती मर्यादा पाळत नसे, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

काका गेले तेव्हा मी पदव्युत्तर वर्गात मराठी साहित्य शिकत होतो आणि साहित्य म्हणजे काय याविषयी माझी मते अत्यंत निश्चित होती. दिवसकार्यासाठी मी सोसल्याला गेलो. भेटीला येणारी माणसे सांत्वनपर छोटी पुस्तके घेऊन येत. आत्मा अमर आहे, देह हे वस्त्र आहे, शोक हा अज्ञानाचा विकार आहे, अशा आशयाची ती पुस्तके मावशी आदराने ठेवून घेई. चौदाव्या दिवसानंतरच्या एका दुपारी ती माजघरात बसून वाचत असलेली मला दिसली. हातात अर्नाळकर होते. मला धक्का बसला, आणि तो मी लपवला नाही.

“मावशी, या दिवसांत हे?” मी विचारले.

तिने पुस्तक मिटले नाही. “अरे, ती सगळी पुस्तके मला सांगतात की कुणी मेलेच नाही. यात निदान मेलेल्या माणसाची कुणी चौकशी तरी करतो.”

त्या वेळी मी हे वाक्य दुःखी माणसाचे बोलणे म्हणून सोडून दिले. पुढे अनेक वर्षे वाचताना आणि शिकवताना ते पुन्हा पुन्हा आठवत राहिले. आणि तिने नकळत एक निकष सांगितला होता असे हळूहळू वाटू लागले. पुढील विवेचन त्या एका शब्दाच्या, ‘चौकशी’च्या, आधाराने केलेले आहे. कुशल विचारणे आणि तपास करणे हे दोन्ही अर्थ मराठीत या एकाच शब्दात नांदतात. मावशीच्या वाक्यात ते दोन्ही होते.

प्रथम रहस्यकथा. एडगर अ‍ॅलन पो यांनी १८४१ मध्ये गुन्ह्याच्या उकलीची पहिली आधुनिक कथा लिहिली असे मानले जाते. १८८७ मध्ये कॉनन डॉइल यांचा शेरलॉक होम्स अवतरला. मराठीत गो. ना. दातार यांच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी वाचकाला रहस्याची गोडी लावली आणि अर्नाळकरांनी ती घरोघर नेली. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. हजाराहून अधिक पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. धनंजय आणि छोटू ही त्यांची जोडी होम्स-वॉटसनच्या वळणाची. झुंजार आणि काळा पहाड हे मात्र कायद्याच्या चौकटीबाहेर राहून न्याय देणारे. या निर्मितीचा आवाका पाहूनच अभ्यासक बिचकतात. एवढे लिहिणाऱ्याचे वाङ्मयीन मोल काय असणार, असे आपण न वाचताच ठरवतो.

रहस्यकथेवरचा सर्वांत प्रसिद्ध आक्षेप अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन यांचा आहे. अ‍ॅगथा ख्रिस्ती यांच्या १९२६ च्या कादंबरीचा उल्लेख करून त्यांनी १९४५ मध्ये जो लेख लिहिला त्याच्या मथळ्याचा आशय असा, की रॉजर अ‍ॅक्रॉइडला कुणी मारले याची पर्वा कुणाला आहे? मावशीने विल्सन वाचलेले नव्हते. परंतु तिचे उत्तर नेमके या प्रश्नाला होते. पर्वा निदान त्या पुस्तकातल्या तपास करणाऱ्याला आहे, आणि पुस्तक चांगले असेल तर वाचकालाही ती करावीशी वाटते. रहस्यकथेच्या मुळाशी एक नैतिक गृहीत आहे. एक माणूस मेला, तर ते कसे झाले हे कळल्याशिवाय जगाचा व्यवहार पूर्ववत चालू देता येणार नाही, हे ते गृहीत. युद्धात, साथीत, दुष्काळात माणसे हजारोंनी मरतात आणि त्यांची केवळ संख्या उरते. रहस्यकथा एका प्रेतासमोर थांबते व त्याला नाव विचारते.

याच निकषावर या प्रकाराची पडझडही मोजता येते. मावशी अर्नाळकरांवर लोभ असूनही त्यांचे सगळेच लेखन मानत नसे. “याच्यात मेला तो कोण होता हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नाही,” असे म्हणून ती काही पुस्तके अर्ध्यावर ठेवी. हा दोष मोठा आहे, आणि तो विपुलतेतून आलेला आहे. महिन्याला कित्येक पुस्तके लिहायची तर मृत माणूस हे निमित्तमात्र होतो. पहिल्या प्रकरणात तो पडतो आणि दुसऱ्यापासून पाठलाग सुरू होतो. गुरुनाथ नाईक यांनीही हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा कॅप्टन दीप एका पिढीचा आवडता नायक होता. मात्र या धाटणीत शौर्य वाढते तशी प्रेते वाढतात, आणि प्रेते वाढली की चौकशी उरत नाही, हिशेब उरतो. सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास या दृष्टीने वेगळा आहे. तेथे उकल प्रश्न-प्रतिप्रश्नांतून होते, साक्षीदाराला बोलावे लागते, आणि वाचकाला दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात.

नारायण धारपांचे प्रकरण आणखी निराळे. त्यांच्या भयकथांत प्रश्न व्यक्तीच्या मृत्यूपुरता राहत नाही. दुष्ट शक्ती म्हणून काही असते काय, असा तो असतो. त्यांच्या ‘समर्थ’ मालिकेत तर अध्यात्मबलच तपासाचे साधन होते, म्हणजे वरच्या खणातला विषय खालच्या खणात उतरतो. मावशीला धारपांची भाषा आवडे. समर्थांविषयी मात्र तिची तक्रार होती. ते आहेत म्हटल्यावर भ्यायचे कशाला, असे तिचे म्हणणे. रक्षणकर्ता निश्चित झाला की भय शोभेपुरते राहते, हे तिचे निरीक्षण मला अचूक वाटते. ज्या कथांत असा आधार नसतो तेथे धारप अधिक खोल जातात.

आता मधला खण. आत्मकथनात चौकशी करणारा आणि जिची चौकशी करायची ती व्यक्ती एकच असते. त्यामुळे निकाल आपल्या बाजूने लावून घेण्याचा मोह या प्रकारात उपजतच आहे. यशस्वी पुरुषांची, म्हणजे अधिकारी, उद्योजक, पुढारी यांची जी आत्मचरित्रे दरवर्षी निघतात, त्यांतील बहुतेकांत इतर माणसे जिन्याच्या पायऱ्यांसारखी येतात. त्यांच्यावर पाय ठेवून लेखक वर गेलेला असतो आणि शेवटी कृतज्ञतेच्या एका परिच्छेदात त्यांचे ऋण फेडतो. अशी पुस्तके मावशीच्या फडताळात टिकत नसत. टिकलेल्यांत दोन पुस्तके शेजारी शेजारी असत. त्यांचा एकत्र विचार आपल्याकडे व्हावा तितका झालेला नाही, असे मला वाटते: धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’.

कोसंबी गोव्याचे. बुद्धाच्या शिकवणीचा शोध घेण्यासाठी १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा तो प्रवास झाला. घरी पत्नी होती आणि लहान मुलगी होती. ‘निवेदन’ १९२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. सत्याच्या शोधात घर सोडणाऱ्या पुरुषाचे ते कथन आहे, आणि त्याचे मोठेपण असे की सोडल्याचा सल त्यांनी झाकून ठेवलेला नाही. आपल्या खिन्नतेविषयी आणि कर्तव्याच्या ओढीविषयी ते अलंकारविरहित भाषेत लिहितात. परंतु कितीही प्रामाणिक असला तरी तो जाणाऱ्याचा जबाब आहे.

‘स्मृतिचित्रे’ हा मागे राहिलेलीचा जबाब आहे. नारायण वामन टिळक अस्वस्थ, शोधमग्न, केव्हाही घर सोडून निघणारे. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्या वेळी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला जो विरह आणि जी अवहेलना आली त्यांचे वर्णन १९३४ पासून खंडशः प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात आहे. विशेष हा की, त्यांनी टिळकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही. त्या टिळकांना हसतात आणि तितक्याच मोकळेपणाने स्वतःला हसतात. आपले सोवळे, आपला हट्ट, आपले भोळेपण आणि ते हळूहळू सुटत गेल्याची कथा लपवाछपवी न करता सांगतात. कोसंबी जेथे सत्याचा शोध सांगतात तेथे लक्ष्मीबाई त्या प्रकारच्या शोधाची घरात पडणारी किंमत सांगतात. हे दोन ग्रंथ एकमेकांचे खंडन करत नाहीत. एकाच खटल्यातल्या दोन साक्षी असाव्यात तसे ते एकत्र वाचले पाहिजेत. मावशी तसेच वाचत असे. “एक वाचले की दुसरे वाचावेच लागते,” एवढेच ती म्हणे.

याच दृष्टीने दया पवार यांच्या ‘बलुतं’ची (१९७८) रचना पाहण्यासारखी आहे. तेथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार यांना सांगतो. एकाच माणसाची ही दोन नावे आहेत: एक गावकुसाबाहेरच्या जिण्याचे, दुसरे शिकून शहरात आलेल्या लेखकाचे. या विभागणीमुळे आत्मकथनाला आवश्यक असलेले अंतर मिळते आणि जुना मी नव्या मीची उलटतपासणी घेऊ शकतो. दुःखाचे दर्शन घडवणारी पुस्तके पुष्कळ झाली. स्वतःच्या लाजेची इतकी थेट चौकशी करणारी थोडीच आहेत. सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ १९९० मध्ये आले, तेव्हा त्याची चर्चा बहुतांशी एका लोकप्रिय लेखकाविषयीच्या तक्रारी म्हणून झाली. मावशीनेही पहिल्या वाचनात ते रागाने बाजूला ठेवले होते. दुसऱ्या वाचनानंतर तिने मत बदलले. या बाईने सर्वांत कठोर प्रश्न स्वतःला विचारले आहेत, हे पहिल्यांदा माझ्या ध्यानात आले नाही, असे तिने मला पत्रात कळवले. मत बदलल्याची कबुली देणारा समीक्षक मला तरी क्वचितच भेटला आहे.

वरच्या खणाकडे वळताना अधिक सावधगिरी बाळगायला हवी. कारण येथे प्रश्न केवळ वाङ्मयाचा नाही. तरीही अध्यात्मग्रंथ हा ग्रंथ आहे, तो भाषेत रचलेला आहे आणि तो कुणाला तरी उद्देशून बोलतो. तेवढ्यापुरता तो समीक्षेच्या कक्षेत येतो. सांत्वनपर पुस्तकांविषयी मावशीचे म्हणणे पुढे एकदा अधिक स्पष्टपणे कळले. “त्यांना माझा प्रश्न ऐकायचा नसतो, त्यांना उत्तर सांगायचे असते,” ती म्हणाली. या पुस्तकांची तत्त्वे खोटी आहेत असे तिने कधीही म्हटले नाही. आत्म्याच्या अमरत्वावर तिची श्रद्धा होती. तिचा आक्षेप उत्तराच्या घाईला होता.

हा आक्षेप थोर ग्रंथांना लागू पडत नाही, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. देह हे जीर्ण वस्त्र आहे हा विचार गीतेतलाच. पण तो दुसऱ्या अध्यायात येतो. त्यापूर्वी संपूर्ण पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाला दिलेला आहे. समोर उभी असलेली माणसे कोण आहेत, त्यांना मारल्यावर काय उरेल, हे तो नावानिशी विचारतो आणि त्याला बोलू दिले जाते. नऊ हजारांहून अधिक ओव्यांच्या ज्ञानेश्वरीनेही त्या अध्यायाला संक्षेपात उरकलेले नाही. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती ऐकता ऐकता उतरवून घेतली. त्या ‘गीता प्रवचनां’चा आरंभही अर्जुनाच्या विषादापासूनच होतो. सांत्वनाच्या पुस्तिका पहिला अध्याय गाळून दुसऱ्यापासून सुरू होतात. शोक करणाऱ्याचे ऐकून न घेता त्याचे समाधान करण्याचा हा प्रकार आहे, आणि तो वाङ्मयीन दोषही आहे. कारण ज्याचा प्रश्न पुस्तकात नाही त्याच्यापर्यंत पुस्तकातले उत्तर पोचत नाही.

सोसल्याच्या संदर्भात तर याचे आणखी एक प्रमाण देता येते. ज्यांच्या नावाने तेथील मठ ओळखला जातो त्या व्यासतीर्थांचा काळ पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सोळाव्याच्या पूर्वार्धापर्यंतचा. ‘न्यायामृत’, ‘तात्पर्यचंद्रिका’ आणि ‘तर्कताण्डव’ हे त्यांचे प्रमुख ग्रंथ. ‘न्यायामृता’त अद्वैतमताचे खंडन आहे, पण खंडनापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या संपूर्ण बळानिशी मांडण्याची शिस्त त्यात पाळलेली आहे. म्हणूनच मधुसूदन सरस्वतींसारख्या अद्वैती पंडिताला ‘अद्वैतसिद्धी’ लिहून त्याचा मुद्देसूद प्रतिवाद करावासा वाटला. पूर्वपक्ष मांडायचा तो दुबळा करून नव्हे, ही शास्त्रार्थाची मर्यादा. आणि सर्व दुवे वाचकासमोर आधी ठेवायचे, शेवटी नवा पुरावा काढायचा नाही, ही चांगल्या रहस्यकथेची मर्यादा. या दोहोंतील साम्य मी सुचवले तेव्हा मावशी हसली. पण तिला ते अमान्य नव्हते.

मराठीच्या आरंभकाळाकडे पाहिले तर हे तीन खण मुळात वेगळे नव्हते असेच दिसते. तेराव्या शतकातील म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्याचा आद्य महत्त्वाचा ग्रंथ. संप्रदायाच्या दृष्टीने तो धर्मग्रंथ आहे. त्याची सामग्री मात्र आठवणींची आहे, आणि पद्धत तपासाची: चक्रधरांच्या सहवासात आलेल्या माणसांना गाठून, कोणती गोष्ट कोठे आणि कोणत्या प्रसंगी घडली हे विचारून म्हाइंभटांनी लीळा जमवल्या. सतराव्या शतकातील बहिणाबाई शिऊरकर यांच्या आत्मचरित्रपर अभंगांतही असाच संगम आहे. तुकोबांच्या भक्तीपायी पतीकडून सोसलेला छळ, कोल्हापूरचे दिवस, आणि पूर्वजन्मांच्या आठवणी अशा सगळ्यांचा त्या हिशेब मांडतात. पूर्वजन्मांचे आपण काय करायचे हे आपापल्या श्रद्धेवर अवलंबून आहे. परंतु एका स्त्रीने आपल्या दुःखाचे कारण शोधत जन्मापलीकडे जावे, ही चौकशीची परिसीमा आहे. युरोपात ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’मध्येही पोरवयात केलेल्या फळांच्या चोरीची कसून तपासणी आहे, आणि ती ईश्वराला उद्देशून केलेली आहे. गुन्हा, स्मृती आणि प्रार्थना तेथे एका ठिकाणी येतात.

आधुनिक काळात असा संगम घडवणारी एक कादंबरी सोसल्याच्या परिसरातलीच आहे. म्हैसुरात दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या एस. एल. भैरप्पा यांची ‘वंशवृक्ष’ १९६५ मध्ये कन्नडमध्ये प्रसिद्ध झाली. उमा कुलकर्णी यांच्या अनुवादामुळे ती मराठी वाचकांचीही झाली. तिचे केंद्र नंजनगूड. त्या गावाला वळसा घालून जाणारी कपिला पुढे तिरुमकुडलूला कावेरीस मिळते. धर्मनिष्ठ श्रीनिवास श्रोत्री वंशाच्या शुद्धतेवर आपले अवघे आयुष्य उभारतात, तिच्याच आधारे विधवा सुनेच्या पुनर्विवाहाकडे पाहतात, आणि अखेर जुन्या कागदांतून त्यांना स्वतःच्या जन्माविषयीचे सत्य कळते. कथानकाचा हा सांधा शुद्ध रहस्यकथेचा आहे. पण येथे शोधणारा आणि सापडणारा एकच आहे, आणि सापडल्यानंतर जे करावे लागते ते अध्यात्माच्या कक्षेतले आहे. मावशीने ही कादंबरी कन्नडमधून वाचली आणि नंतर मराठीतून. ती कोणत्या खणात ठेवावी हे तिला ठरवता आले नाही. ती बरीच वर्षे फडताळाच्या माथ्यावर राहिली.

या निकषाची मर्यादाही सांगितली पाहिजे; अन्यथा एका वाक्यावर आपण भलतेच ओझे घातले असे होईल. सर्व वाङ्मय चौकशी करत नाही आणि तसे त्याने करावेही नाही. रहस्यकथेत निव्वळ कोड्याचा खेळ असतो आणि त्या खेळाचा आनंद खरा असतो. आठवणींच्या पुस्तकांत नुसती मौज असते. भक्तिपर पदात तर विचारण्यासारखे काही शिल्लकच नसते. ‘न्यायामृता’सारखा तर्ककठोर ग्रंथ लिहिणाऱ्या व्यासतीर्थांच्याच नावावर बाळकृष्णाला हाक मारणारे एक कन्नड पद आहे, आणि यमनकल्याणी रागात ते आजही सर्वत्र गायले जाते. संध्याकाळी दिवा लावल्यावर मावशी ते गुणगुणत असे. त्या वेळी कशाचीही चौकशी चालू नसे. एकच माणूस सकाळी वाद करतो आणि संध्याकाळी हाक मारतो, यात विसंगती नाही. तेव्हा तिचा निकष सर्वत्र लागू करण्याचा माझा आग्रह नाही. मात्र जे पुस्तक मृत्यूविषयी, स्वतःविषयी अथवा मोक्षाविषयी आपल्याला काही सांगू पाहते, त्याला तो लावण्याचा हक्क वाचकाला आहे. मेला तो कोण होता, सोडून दिलेले कोण होते, शोक करतो तो काय म्हणतो, हे त्या पुस्तकाने विचारले आहे काय? विचारले नसेल तर ते कोणत्याही खणातले असो, कमी प्रतीचे आहे.

मावशी गेल्यावर फडताळ रिकामे करण्याचे काम माझ्याकडे आले. पुस्तके एका मराठी ग्रंथालयास द्यावीत असे ठरले. निवडताना मी खणांच्या क्रमाने तीन ढीग केले, आणि लगेच लक्षात आले की ते ढीग तिचे नव्हते. ‘निवेदना’च्या पानांत अर्नाळकरांच्या एका पुस्तकाचे सुटलेले वेष्टन खुणेसाठी घातलेले होते, गीतेच्या पोथीखाली ‘स्मृतिचित्रे’ होती. ग्रंथालयाने दोन ढीग आनंदाने स्वीकारले. तिसऱ्याविषयी तेथील गृहस्थांनी सौजन्याने सांगितले की, ही पुस्तके जीर्ण आहेत आणि संदर्भाच्या दृष्टीने त्यांचा उपयोग नाही. त्यांचे म्हणणे अव्यवहारी नव्हते. पाने खरोखरच हाताळताना तुटत होती. तो ढीग मी घरी आणला. त्यातले जे पुस्तक ती त्या दुपारी वाचत होती ते कोणते, हे मी तेव्हा पाहिले नव्हते, आणि आता ते ओळखण्याचा उपाय नाही. म्हणून मी ती सगळी एकामागून एक वाचतो आहे.